अनुपकाऱ्याला दान

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सात्त्विक दानाच्या लक्षणात ‘अनुपकारी’ असा एक शब्द येतो. भाषांतर करताना या शब्दापाशी माझी लेखणी पुष्कळदा थांबली आहे. ज्याच्याकडून परतफेड होण्याचा संभवच नाही तो अनुपकारी. अशाला योग्य देशी, योग्य काळी, केवळ कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक दान होय.

गृहस्थाला हे कसेबसे साधेल. परंतु ज्याच्या शिरावर राष्ट्राचा भार आहे, त्याने परराष्ट्राला काही द्यावे आणि मोबदल्याचा विचारही मनात आणू नये, हे संभवते काय? आमच्या नीतिशास्त्रात साम, दान, भेद, दंड असे चार उपाय सांगितले आहेत. तेथे दान हा मुळातच उपाय. फलाची आकांक्षा गृहीतच धरलेली!

या शंकेच्या संदर्भात १९४९ सालची एक गोष्ट आठवते. महायुद्धात, १९४३ साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्तींना अधिकाऱ्यांच्या आज्ञेने उपाशी ठेवून मारण्यात आले होते. युद्ध संपले, पण मुलांना पाहायला हत्ती उरला नाही. तेव्हा तेथील मुलांनी भारताचे पंतप्रधान पंडित नेहरू यांना पत्रे लिहून हत्ती मागितला. नेहरूंनी मैसूरची एक हत्तीण समुद्रमार्गे पाठविली आणि सोबतच्या पत्रात कळविले की, ही भेट माझी नव्हे, भारतातील मुलांनी जपानमधील मुलांना दिलेली आहे. हत्तिणीला आज्ञा कळत त्या कानडीतल्या. म्हणून बरोबर गेलेल्या माहुतांकडून तेथील रक्षकांना ते शब्द शिकावे लागले. आम्हा भाषांतरकारांना ही हकीकत विशेष गोड वाटते.

आता देश, काल आणि पात्र पाहावे. जपान त्या वेळी पराभूत होता, परकीय सैन्याच्या ताब्यात होता. स्वतंत्रपणे परराष्ट्रव्यवहार करण्याचा अधिकारही त्याच्याजवळ नव्हता. मागणारी तर मुले. त्यांच्याकडून करार मिळणार नव्हता, कर्ज मिळणार नव्हते. अनुपकारी म्हणावे ते यालाच.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. अमेरिकेने १९५४ सालच्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्यान्वये भारताला विपुल गहू दिला. त्या गव्हाने असंख्य माणसे जगली, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. परंतु १९६५ ते १९६७ या दुष्काळी काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो हात आखडून, थोडा थोडा करून सोडला. भारताने आपले शेतीविषयक धोरण बदलावे हा त्यात हेतू होता, आणि व्हिएतनामविषयी भारत जे बोलत होता त्याचा रोषही होता. परतफेडीवर दृष्टी ठेवून, कष्टी मनाने दिलेले दान राजस, असे भगवंत म्हणतात. गहू पोटात गेला. सद्भाव मात्र त्या मापाने पदरात पडला नाही.

कोणी म्हणेल, नेहरूंनाही आशियात भारताचे नाव व्हावे असे वाटत होतेच. वाटत असेल. शिवाय हत्तिणीचे नाव ‘इंदिरा’ ठेवले होते, म्हणजे आपल्याच कन्येचे. तेव्हा दाता अगदीच पडद्याआड राहिला असे मी म्हणणार नाही. तथापि आचार्यांनी भाष्यात एक वाट मोकळी ठेवली आहे. परतफेड करण्यास जो समर्थ आहे त्यालाही निरपेक्षपणे दिले, तर ते दान सात्त्विकच. म्हणजे फळ आले की दान बिघडले, असे नाही. देताना दात्याची दृष्टी कोठे होती, एवढेच पाहायचे.

पुढे ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र शांतता-करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरील आपला हक्क सोडून दिला. १९५७ साली नेहरू जपानला गेले, तेव्हा उएनोला जाऊन त्यांनी त्या हत्तिणीची भेट घेतली. ती १९८३ पर्यंत तेथे जगली. ज्या मुलांसाठी ती आली होती, ती तोवर आपापल्या मुलांना घेऊन तिला पाहायला येण्याच्या वयाची झाली होती.