मोठ्यांची हजेरी

वर्गाचे नियम कोणासाठी असतात? मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारीत नाही. मूल उनाड असते, त्याला घंटेची सवय लावावी लागते, एवढ्यावर आपले समाधान होते. पण बाकावर बसलेल्या माणसाने चाळिशी ओलांडली असेल, आणि त्याचा स्वतःचा मुलगा दहावीला असेल, तर?

उरणच्या बाजूला हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. भात आणि मीठ पिकविणारा हा मुलूख. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली येथे आंदोलन झाले आणि १९८४ च्या जानेवारीत गोळीबारात पाच जण बळी पडले. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. शेत गेले तेव्हा नुसती जमीन गेली नाही. बापाच्या मागे बांधावरून चालता चालता शिकण्याची शाळाही गेली. मग ज्याला भरती-ओहोटी आणि भाताची लावणी पाठ, त्याने वही घेऊन नवा धंदा शिकायचा.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रवेशाला वरची वयोमर्यादा नाही, ही उदार गोष्ट आहे. पण परीक्षेला बसायचे तर ८० टक्के हजेरी हवी. रात्रपाळी करून आलेल्या, कंटेनरच्या गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या माणसाने ती कशी भरावी? मोऱ्याच्या धक्क्यावरची लाँचसुद्धा ओहोटीला गाळामुळे अडते. समुद्र काही प्राचार्यांना विचारून ओसरत नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. शिकणाऱ्याचा दिवस आधी पाहिला, मग घंटा बांधली.

तेव्हा सूट द्यावी, असे कोणीही सहृदय माणूस म्हणेल. मीही म्हणतो, पण कोणत्या नियमात? हजेरीचा नियम शिकणाऱ्याच्या वेळेवर हक्क सांगतो. कामाचा नियम दुसऱ्याचा जीव राखतो. वयाकडे पाहून, गेलेल्या जमिनीची हळहळ वाटून एखाद्याला क्रेनच्या परीक्षेत उत्तीर्ण केले, तर त्या दयेची किंमत खाली उभा असलेला मजूर देईल. शिवाय दयेने मिळालेला कागद मोठ्या माणसाला बरोबर ओळखू येतो. तो घरात कोणाला दाखवीत नाही.

कोणी म्हणेल, हजेरीवाचून हात बसत नाही. अगदी खरे. मग यंत्रावर घालविलेले तास मोजावेत. दारात किती वाजता पाऊल पडले ते कशाला? बापाच्या वयाच्या माणसाने उंबऱ्याशी उभे राहून ‘सर, आत येऊ का?’ म्हणावे आणि पंचविशीतल्या मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करावे, याला शिस्त म्हणण्याची माझी तयारी नाही. त्यांना मुकाट्याने येऊन बसू द्यावे. बुडालेला तास रविवारी भरून घ्यावा. आणि यंत्रावर हात चुकला, तर ‘काका, पुन्हा’ म्हणावे, तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही.