पवित्रतेचा जमाखर्च

देवाच्या अभिषिक्तावर बोट उचलू नका, हे वाक्य अलीकडे मराठी मंडळ्यांत फार ऐकू येतं. कुणी पाळकांना वर्गणीचा हिशेब विचारला, वडीलजनांच्या सभेत जमिनीच्या व्यवहाराचा विषय काढला, की हेच उत्तर मिळतं आणि विचारणारा देवाच्या पवित्रतेचा अनादर करणारा ठरतो. डोईवर पदर, दाराबाहेर चपला, उपासनेत मोबाईल बंद, हे सगळं तिथे काटेकोर पाळलं जातं. ते पाळावंच. पण पवित्रतेच्या नावाने लोकांची तोंडं बंद करणं हा त्या पवित्रतेचाच अपमान आहे, असं मी मानतो. या वाक्यासाठी ज्या दाविदाचा आधार घेतात, त्याने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही हे खरं. पण गुहेबाहेर येऊन, राजाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, त्याने शौलाला मोठ्याने जाब विचारला होता. हा अर्धा भाग उपदेशात येत नाही.

जळतं झुडूप आणि मोशेची पायताणं, यशयाचं मंदिरातलं दर्शन, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे मात्र आपण नीट पाहत नाही. पवित्र व्हा अशी आज्ञा होते आणि काही ओळींतच गोष्ट शेतात उतरते. बांधाकडचं पीक कापू नका, सरवा गरिबासाठी राहू द्या, मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका, वजनमापं खरी ठेवा. पुढे जखऱ्या त्याहून धीट बोलतो. प्रमुख याजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर कोरलेले ‘परमेश्वरासाठी पवित्र’ हे शब्द घोड्यांच्या घंटांवर येतील, आणि यरुशलेमेतलं प्रत्येक भांडं पवित्र होईल, असं तो सांगतो. यात पट्टीचा मान कमी झालेला नाही; भांड्याचा वाढला आहे. सगळंच पवित्र म्हटलं तर काहीच पवित्र उरत नाही, अशी भीती घालणाऱ्यांनी जखऱ्या पुन्हा वाचावा.

मधली शतकं लवकर ओलांडू. मठ आले, ल्यूथरने चांभाराच्या कामालाही ईश्वरी पाचारण मानलं. आपल्याकडे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचा सूर दिला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहिले. त्यांच्याबद्दल आज वाद उरलेला नाही.

वाद आहे, किंवा असायला हवा, तो वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेल्या एका ख्रिस्ती हिशेबनिसाबद्दल. जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे, लंडनमध्ये शिकलेले लेखापाल. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, उद्योगपती जमनालाल बजाजांनी त्यासाठी वर्ध्यातली मगनवाडीची जागा दिली आणि कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. त्याच गावात १९२८ मध्ये बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं होतं. माणसांना लांब ठेवून जपायची पवित्रता तिथे आधीच प्रश्नाखाली आली होती.

चर्चमधली माणसं म्हणतात, कुमारप्पा ख्रिस्त सोडून गांधींकडे गेले. गांधीवादी त्यांना अर्थतज्ज्ञ म्हणून गौरवतात आणि त्यांचा ख्रिस्त ही घरगुती बाब समजतात. दोघेही चुकतात. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. गांधीजींच्या बरोबरच्या मंडळींचा खर्चही त्यातून करू द्यायला त्यांनी नकार दिला. याला कुणी तऱ्हेवाईक शिस्त म्हणेल. मला त्यात लेवीयचं वजनमाप दिसतं. पीडितांसाठी आलेला पैसा देवाचा, म्हणून तो महात्म्यासाठीही वळवायचा नाही. अभिषिक्ताला हिशेबातून सूट नाही, हे एका ख्रिस्ती माणसाने गांधीजींसमोर पाळून दाखवलं.

मगनवाडीत घाण्याचं तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद, मधमाश्या यांवर प्रयोग चालत. पुढे तुरुंगात कुमारप्पांनी दोन पुस्तकं लिहिली: एक येशूच्या शिकवणुकीवर, दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. ग्रंथालयात ती वेगवेगळ्या कपाटांत जातात, आणि आपला गैरसमज तिथूनच पक्का होतो. मला ती एकाच पुस्तकाचे दोन खंड वाटतात. जमीन, झाड, मजुराचा घाम हे देवाचं, म्हणून ओरबाडायचं नाही. देवाचा धाक याहून वेगळा काय असतो?

वर्धा जिल्हा आजही कापसाचा. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, वेचणाऱ्या बहुतेक बायका असतात. बाजारात वजनातून कडता कापला की शेतकरी चिडतो, आणि ते योग्यच आहे. पण रविवारी डोळे मिटून पवित्र, पवित्र म्हणणाऱ्या शेतमालकाने वेचणाऱ्या बाईच्या वजनात खोट केली, तर ती बाजारातल्या फसवणुकीहून वाईट आहे, कारण तिच्यावर देवाचं नाव लागलेलं आहे.

म्हणून मंडळ्यांना माझी विनंती आहे. वर्षाचा जमाखर्च छापून दर्शनी भिंतीवर लावा. प्रश्न विचारणाऱ्याला सभेत बोलू द्या. आणि ज्यांच्या शेतात वेचणी चालू आहे, त्यांनी मजुरी त्याच संध्याकाळी चुकती करावी.