इथलंच पाणी प्यायलोय म्हणे!

‘सर, इथलंच पाणी पिऊन वाढलोय, मला काय होतंय?’ हे पुन्हा माझ्यासमोर बोलायचं नाही. तू वाढलास इथं. लेक वाढतेय लंडनमध्ये. लहानपणी तुला दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ कावीळ (हिपॅटायटिस ए) होऊन गेली असेल, तर ती पुन्हा होणार नाही. पण तो बचाव लेकीला वारशात मिळत नाही. आणि तुला तरी झाली होती का? रक्त तपासलंस? नाही. मग कशाच्या जोरावर बोलतोस?

तिकडचा पर्यटक हॉटेलात उतरतो, बाटलीचं पाणी पितो, आठवड्यात परततो. तू महिनाभर राहतोस, लग्नाच्या पंगती झोडतोस, गाडीवरचा बर्फाचा गोळा चार वर्षांच्या पोरीच्या हातात देतोस. धोका तुम्हालाच जास्त. इंग्लंडच्या बाळांना ‘ब’ची लस मिळते, ‘अ’ची मात्र प्रवासाआधी मागून घ्यावी लागते. निघण्याआधी एक डोस, सहा-बारा महिन्यांनी दुसरा. तिकिटं सहा महिने आधी काढलीस, तेव्हा हे सुचलं नाही?

‘पोरगी ठणठणीत आहे’ हेही नको सांगूस. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांचे डोळे ‘अ’ काविळीत पिवळे होतच नाहीत. मूल खेळत राहतं, विषाणू शौचावाटे पसरत राहतो. तिकडच्या पाळणाघरातल्या पोरांनी तुझं काय बिघडवलंय?

पण खरा संताप आला तो सूनबाईंच्या, तुझ्या बायकोच्या काळजीने. सातवा महिना आहे तिला, आणि तू तिला उसाच्या रसात बर्फ घालून दिलास! ‘ई’ कावीळही दूषित पाण्यातूनच येते. 1955-56 साली दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे 29 हजार माणसांना कावीळ झाली. ती ‘ई’ होती हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कळलं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. ‘ई’ची लस इथल्या दवाखान्यात मिळत नाही, तुझ्या लंडनमध्येही नाही. आजपासून सूनबाईंना उकळलेलंच पाणी, घरचं गरम जेवण. बर्फ बंद.

आणि तू स्वतः न्हाव्याकडे दाढीला बसशील तेव्हा नवं पातं मागून घे. ‘ब’ आणि ‘क’ रक्तातून येतात. कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर नाकात थेंब नि गळ्यात माळ करत बसू नकोस, थेट डॉक्टरकडे जा.

आणि लेकीला उद्याच ‘अ’ची लस दे. संसर्ग झाल्यावरही दोन आठवड्यांच्या आत दिली, तर ती उपयोगी पडते.