बघे आणि मानकरी

महाविद्यालयीन फुटबॉलच्या सामन्यांना प्रेक्षक येत नाहीत ही तक्रार पुण्याच्या क्रीडावर्तुळात इतकी रूढ झाली आहे, की तिच्या तळाशी असलेले गृहीतक कुणी तपासत नाही. चांगल्या खेळाकडे प्रेक्षक आपोआप ओढला जातो आणि तो आला नाही तर दोष खेळाच्या दर्जाचा किंवा घरोघरच्या पडद्यांचा, असे ते गृहीतक आहे. ते तपासायला मुळशी तालुका सोयीचा आहे. कारण लवळ्याची सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे, म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल आणि जत्रांमधले कुस्त्यांचे आखाडे असे तिन्ही प्रकार इथे शेजारी शेजारी नांदतात.

डिसेंबर 2017 मध्ये याच तालुक्यातल्या भूगावात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली, अभिजित कटके आणि किरण भगत यांची अंतिम लढत पाहायला माणसांचा पूर लोटला, आणि त्याच काळात जवळच्या बालेवाडीत एफसी पुणे सिटी हा व्यावसायिक संघ आपले घरचे सामने खेळत होता. हृतिक रोशनसारखा नट सहमालक असूनही 2014 मध्ये उभा राहिलेला हा संघ 2019 मध्ये बंद पडला. आंतरमहाविद्यालयीन सामन्याची तर गोष्टच नको. कडेला राखीव खेळाडू, प्रशिक्षक आणि चार मित्र उभे असतात.

यावर ‘आपल्याकडे फुटबॉलची संस्कृतीच नाही’ असे म्हणणाऱ्यांना कोल्हापूर हे पुरेसे उत्तर आहे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. विश्वचषकाच्या दिवसांत मेस्सी आणि नेमार यांचे भव्य कटआउट उभारणारे हेच लोक असल्यामुळे, दूरचित्रवाणीने मैदाने ओस पाडली हा युक्तिवादही तिथे लंगडा पडतो.

म्हणून बघे आणि मानकरी असा भेद करणे आवश्यक ठरते. बघ्याला खेळ हवा असतो आणि तो कुठेही मिळतो. मानकऱ्याचा त्या खेळात वाटा असतो. हिंजवडीच्या म्हातोबाचे बगाड, म्हणजे आडव्या लाकडाला गळकरी टांगून ओढला जाणारा नवसाचा गाडा, हनुमान जयंतीला वाकडकडे निघतो, तेव्हा लाकूड आणण्यापासून बगाड ओढण्यापर्यंतची कामे परंपरेने वाटलेली असतात, आणि संगणक कंपन्यांच्या इमारतींनी वेढलेल्या त्या गावात आजही गर्दी ओसरलेली नाही. गावच्या आखाड्यातही वर्गणी दिलेला माणूस कुस्ती निकाली व्हावी म्हणून हक्काने ओरडतो.

हाच भेद अमेरिकेतही दिसतो. तिथे महाविद्यालयीन फुटबॉल हा निराळाच, हातात चेंडू घेऊन धावण्याचा खेळ आहे, आणि 2008 नंतरच्या दशकात तिथल्या सर्वोच्च विभागातली सरासरी उपस्थितीही घसरली. मात्र नेब्रास्का विद्यापीठाच्या घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे 1962 पासून संपत आली आहेत, आणि कधी खप मंदावला तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटे विकत घेऊन ती परंपरा टिकवली आहे. नेब्रास्का राज्यात मोठा व्यावसायिक संघ नसल्यामुळे, ज्या शेतकऱ्याने त्या विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही, तोही त्या संघाला आपला मानतो.

यावरून विद्यार्थ्यांनाच मानकरी करावे, त्यासाठी हजेरीचे गुण किंवा करमणुकीची जोड द्यावी, असा उपाय सुचतो. परंतु तो टिकत नाही. देशभरातून लवळ्याला आलेला विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो, आणि मुक्कामाला आलेल्याकडून मानकऱ्याची निष्ठा मागणे अन्यायाचे आहे. शिवाय मानकऱ्यांची गर्दी निखळ चांगली असते असेही नाही. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबवावे लागले आहेत. तेव्हा रिकाम्या कडा हे महाविद्यालयीन फुटबॉलचे अपयश मानण्याचे कारण उरत नाही, कारण खेळणाऱ्या बावीस जणांना त्या सामन्यातून जे मिळायचे ते प्रेक्षकांवाचूनही मिळते.

अपयश दुसरीकडे आहे. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकून 2017 चा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक गाठला. मुळशीतल्याच पौड आणि पिरंगुटच्या मुलांसाठी मात्र शेजारच्या विद्यापीठांची हिरवी मैदाने ओळखपत्राच्या फाटकापलीकडेच राहतात. ती मैदाने संध्याकाळी या मुलांना खुली करावीत, त्यांना विद्यापीठाच्याच प्रशिक्षकाने शिकवावे, आणि प्रेक्षक मोजण्याचे काम या मुलांचे आईबाप कडेला येऊन उभे राहीपर्यंत बाजूला ठेवावे.