नवे शब्द व जुने दोष

आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन प्रयोगांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने बारशाच्या दिवशी मूल आपले होते; दुसऱ्याने जाणता मनुष्य चारचौघांत दोषी ठरतो. हे अंतर इतके थोडे का असावे, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांस अलीकडे एका परकीय शब्दामुळे आला.

गेल्या पावसाळ्यात आमचे एक जुने सहाध्यायी बऱ्याच वर्षांनी घरी आले होते. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग ते आपल्या पत्नीच्या दुखण्याविषयी सांगू लागले. आमच्या हातात मोबाइल होता. आम्ही मधूनमधून ‘हं’ म्हणत होतो व बोटाने पडदा सरकवीत होतो. थोड्या वेळाने ते उठले, “तू कामात दिसतोस, येईन पुन्हा केव्हातरी,” असे म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले. दार लावून आम्ही वळतो तो आमची मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही आत्ता जे केलेत ना, त्याला फबिंग म्हणतात.” शब्द ऐकून आम्हांस हसू आले. त्या हसण्याची लाज वाटावयास मात्र आणखी दोन दिवस जावे लागले.

या शब्दाचा जन्म तसा नोंदलेला आहे. २०१२ साली ऑस्ट्रेलियात मॅक्वारी शब्दकोशाच्या प्रचारासाठी एका जाहिरात संस्थेने भाषेच्या जाणकारांना एकत्र बसविले, आणि फोन व डावलणे या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून समोरच्या माणसास सोडून फोनकडे पाहण्याच्या सवयीला हे नाव दिले. शब्द विकत घ्यावयाच्या कोशासाठी शब्द घडवावा, हा व्यवहार कोणास हलका वाटेल. परंतु शब्दाचे कुळ पाहून त्याची योग्यता ठरवू नये. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात चारचौघांतील बोलण्यावागण्याच्या गुणदोषांचा विषय काढला आहे. तेथे तो म्हणतो की यांपैकी बहुतेकांस रूढ नाव नाही, तरी विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून आपणच नावे घडविण्याचा यत्न केला पाहिजे. त्याचाच शिष्य थिओफ्रास्टस याने तीस स्वभावदोषांची तीस चित्रे रेखाटली. आपल्याकडे समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी केला व शेवट पढतमूर्खाने केला. विद्या असून वर्तन मूर्खाचे, ही गोष्ट समर्थांपूर्वीही होतीच. पण ‘पढतमूर्ख’ हे नाव तिला लागले आणि आम्हां अध्यापकवर्गास कायमचा एक आरसा मिळाला. दोषाला नाव मिळणे म्हणजे तो दिसू लागणे होय, आणि दिसल्यावाचून सुधारणा नाही. येथवर नव्या शब्दांचा पक्ष आम्हांस सर्वथा मान्य आहे.

संगीतात तर नावाचा हा गुण फारच स्पष्ट दिसतो. इंग्रजी चित्तरंजक गीतांत शेवटचे धृपद येताच सारी चाल एकदम अर्ध्या अथवा एका स्वराने वर उचलावी, अशी एक युक्ती आहे. तिला तिकडे थट्टेने ‘ट्रकवाल्याचा गिअर’ अशा अर्थाचे नाव पडले. तसेच पंचम व गांधार या दोन स्वरांवर आलटूनपालटून झोके घेत नुसता ओकार आळवावयाचा, या अनेक गीतांत आढळणाऱ्या लकबीला २०१६ साली पॅट्रिक मेट्झगर या लेखकाने ‘मिलेनिअल व्हूप’ म्हणजे नव्या पिढीचा हुंकार असे नाव दिले. आपल्याकडील जाणकारांची भाषाही या बाबतीत दरिद्री नाही. गळ्याऐवजी हनुवटी हलवून काढलेल्या तानेस ‘जबड्याची तान’ म्हणणारा आणि किंचित ढळलेल्या सुरास ‘कणसूर’ म्हणणारा श्रोता कोणी थोर पंडित असतोच असे नाही. पण त्या एका शब्दाने त्याच्या शेजाऱ्याचाही कान तयार होतो. युक्तीचे नाव कळले की ती आपल्यावर आपल्या नकळत चालत नाही. आवडली तर आपण डोळे उघडे ठेवून ती आवडून घेतो, एवढाच फरक. पण तो स्वातंत्र्याचा फरक आहे.

आता भीतीच्या नावांकडे वळू. येथे मात्र आमचे पाऊल अडखळते. २००८ साली इंग्लंडात तेथील पोस्ट ऑफिसने करविलेल्या एका पाहणीच्या निमित्ताने ‘नोमोफोबिया’ हा शब्द निघाला. मोबाइल जवळ नसल्याचे भय, असा त्याचा अर्थ. त्यापूर्वी २००४ साली हार्वर्डच्या व्यापारविद्यालयातील पॅट्रिक मॅकगिनिस या विद्यार्थ्याने तेथील नियतकालिकात ‘फोमो’ हा शब्द वापरला. कोठेतरी काहीतरी चांगले चालले आहे व आपण त्याला मुकत आहोत, ही धाकधूक त्यात अभिप्रेत आहे. दोन्ही शब्द आता आपल्या महाविद्यालयांतूनही ऐकू येतात, आणि बहुधा हसत हसत ऐकू येतात. “सर, मला ना, फोमो होतो,” असे एखादा विद्यार्थी सांगतो, आणि सांगून झाले की प्रकरण मिटले असे त्यास वाटते.

हे का होते, याचे उत्तर आम्हांस मराठी व्याकरणात सापडले. आपली भाषा माणसाने केलेली गोष्ट आणि माणसास झालेली गोष्ट यांत फार काटेकोर भेद करिते. ‘मी थाप मारली’, ‘मी तुला टाळले’ येथे ‘मी’ कर्ता आहे, आणि जबाबदारीही त्याचीच. परंतु ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटली’, ‘मला कंटाळा आला’ येथे राग व कंटाळा पाहुण्यासारखे येतात, आणि ‘मी’ बिचारा चतुर्थीत उभा राहून त्यांना पाट मांडतो. इंग्रजी बोलणारा दोन्हीकडे बहुधा ‘मी’ हाच कर्ता ठेवितो. आपली भाषा कर्म आणि भोग निराळे ठेविते. आता पाहा. ‘मोबाइलमध्ये डोके घालून बसणे’ हा आपल्या घरोघरच्या आयांनी घडविलेला प्रयोग आहे, आणि त्यात डोके कोणी घातले, याविषयी संशय राहात नाही. तीच गोष्ट ‘मला नोमोफोबिया आहे’ अशी सांगितली की डोके घालणारा नाहीसा होतो व त्याच्या जागी एक रोगी येऊन बसतो. सवयीचे नाव दोषाला उजेडात आणिते. भयाचे नाव कित्येकदा त्यास रुग्णालयाचे पांघरूण घालिते. आमचा आक्षेप शब्दांच्या नवेपणास नाही. ‘मी’चा गुपचूप ‘मला’ करण्याच्या या व्यवहारास आहे.

यावर एक रास्त आक्षेप निघेल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘मी’चा ‘मला’ होणे हा पुष्कळदा न्यायच असतो. आमच्या लहानपणी वर्गात ज्या मुलास अक्षरे लागत नसत, त्यास ‘ढ’ म्हणत. एका अक्षराची ही पदवी त्याच्या पाठीला शाळा सुटेपर्यंत चिकटून राही. त्याने मन लावावे, एवढाच सर्वांचा उपदेश असे. वास्तविक १८८७ सालीच जर्मनीतील रुडॉल्फ बर्लिन या नेत्रवैद्याने ‘डिस्लेक्सिया’ हे नाव वापरले होते; पण आमच्या बाकांपर्यंत ते पोहोचले नव्हते. ते पोहोचते, तर त्या मुलांवर उगारलेल्या कित्येक छड्या खाली आल्या असत्या. तेथे दोषाचा रोग झाला नसता. रोगालाच आम्ही इतकी वर्षे दोष म्हणत होतो. तसेच ज्याचे भय खरोखर त्याच्या हाताबाहेर गेले आहे, त्यास ‘मी’ म्हण म्हणून दटावणे ही निर्दयता होईल.

मग निवाडा कसा करावा? आमच्या मते कसोटी साधी आहे: नाव उच्चारल्यानंतर काही करावयाचे उरते की नाही? ‘ढ’ म्हटल्यावर काही उरत नाही. डिस्लेक्सिया म्हटल्यावर शिक्षकास व पालकास पुष्कळ काम लागते. ‘कणसूर’ म्हटल्यावर गवयास रियाज लागतो. ‘मला फोमो होतो’ असे हसून म्हटल्यावर काही उरत असेल तर तो शब्द उपकारक, आणि तेवढ्यावरच हिशेब चुकता होत असेल तर तो अपायकारक. दुसरी गोष्ट, नाव कोण कोणास देतो हीही पाहिली पाहिजे. ‘पढतमूर्ख’ हा शब्द शेजाऱ्यास लावला की ते नावे ठेवणे झाले. स्वतःस लावून पाहिला तरच समर्थांचे श्रम सार्थकी लागतात. आरंभी सांगितलेली ती एक मात्रा येथे आहे. आमच्या मुलीने दिलेला शब्द आम्ही प्रथम भाषेचे एक कौतुक म्हणून पाहिला, त्याची फोड करून पाहिली, आणि त्या फोडीत आमचे मित्र पावसात निघून गेले ही गोष्ट दोन दिवस विसरून गेलो. विद्वत्तेची ही सोय फार घातक आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी आतल्या खोलीत निजल्या होत्या. या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलो. नियतकालिकांतील लेखकांची ती रूढी आहे, आणि तिच्या आडोशास बरे वाटते. तेथे तो आडोसा चालण्यासारखा नव्हता. “त्या दिवशी मी तुझे ऐकले नाही,” एवढेच आम्हांस बोलता आले. ते काही वेळ गप्प राहिले. मग पत्नीच्या दुखण्याची हकिकत त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितली, आणि या खेपेस आम्ही ती ऐकली.

तरुणांनी नवे शब्द खुशाल घडवावेत. आम्हां वडील मंडळींस न दिसणारे आमचेच दोष ते दाखवितात, हे त्यांचे ऋण आहे. फक्त शब्द मिळाला म्हणजे काम संपले असे न मानता, त्या शब्दाने आता आपणांस कोणाच्या दारी जावयास सांगितले आहे, एवढे ज्याचे त्याने पाहावे.