सोवळे कोणी पाळावे?

कल्याण सोडून गाडी कर्जतकडे निघाली की पहिले स्टेशन लागते विठ्ठलवाडी. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. मुलगा-सून पहाटेच्या लोकलने कामावर जातात. अंथरुणाला खिळलेल्या आईबापांचे करायचे कोणी? म्हणून या भागात वृद्धाश्रम आणि शुश्रूषागृहे निघाली आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी आम्ही भजनी मंडळी एकादशीस हरिपाठ म्हणावयास जातो.

मागे एकदा तेथल्या मावशींनी आम्हांस दारातच अडविले. "बुवा, तुमचे पखवाजवाले खोकताहेत. त्यांना आत सोडता यायचे नाही. बाकीच्यांनी हात धुवा, मास्क लावा, अन् आजी-आजोबांच्या पाया पडू नका."

वारकऱ्याने पाया पडू नये? मनाला लागले खरे. परतताना एकाने शंका काढली की, संत ज्या सोवळ्याओवळ्याशी भांडले, ज्यापायी १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण करून विठ्ठलमंदिर सर्वांस खुले करविले, तेच सोवळे हे मागल्या दाराने परत तर आले नाही ना?

शंका रास्त आहे. पण विचार केला म्हणजे फिटते. जुने सोवळे म्हणे, "तू अपवित्र, तू दूर हो." हे नवे म्हणते, "माझ्या अंगी दोष असेल, मीच दूर होतो." ते जन्मावर ठरे आणि मरेपर्यंत सुटत नसे; हे खोकला आहे तोवरचे. ते बळवंताने दुबळ्यावर लादलेले. हे धडधाकटाने दुबळ्यासाठी आपणहून पाळायचे.

म्हातारपणी शरीराची प्रतिकारशक्ती उणावते. आपल्याला दोन दिवस शिंका आणणारा फ्ल्यू ऐंशीच्या आजीच्या छातीत उतरून न्यूमोनिया होतो. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर रोग नेणारे हात बहुधा सेवा करणाऱ्याचेच असतात. म्हणून दर रोग्यामागे साबणाने हात धुणे ही सेवेचीच पहिली पायरी होय.

कोणी म्हणेल, "देह माझा, लस घेईन न घेईन. प्रारब्धात असेल ते होईल." बाबा रे, प्रारब्ध तुझे आहे, ते दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवण्याचा अधिकार तुला कोणी दिला? पंढरीच्या वाटेवर पटकीने माणसे मरत, तेव्हा यात्रेकरूंना तिची लस टोचून घ्यावी लागे. आपल्या वाडवडिलांनी ती टोचून घेतली. त्यांची भक्ती काही उणावली नाही. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, मग लोकांस दिली.

लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हेही खरे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात ६० हून अधिक जणांस करोना झाला. त्यांतील बहुतेकांनी लस घेतलेली होती. मग घ्यायची कशाला? दुखणे विकोपास जाण्याचा धोका तिने पुष्कळ घटतो म्हणून. फ्ल्यूचा विषाणू तर रूप पालटत राहतो, म्हणून त्याची लस दरसाल घ्यावी लागते. लस, हात धुणे आणि आजारी असता घरी राहणे, तिन्ही मिळून रक्षण होते.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. मावशीला ताप आला असता रजेचा पगार कापला, तर ती ताप लपवील. घरी चूल पेटायची आहे! तेव्हा आजारपणाची भरपगारी रजा देणे हेही संस्थाचालकांचे आणि पैसे भरणाऱ्या आपले कर्तव्य. दुसरे असे की, रक्षणाच्या नावाखाली म्हाताऱ्यांस कोंडून ठेवू नये. २०२० साली किती आजोबांनी महिनोन्‌महिने नातवंडांचे तोंड पाहिले नाही! एकटेपणानेही माणूस खचतो. बंधने आपण आपल्यावर घ्यावीत ती त्यांचे दार उघडे राहावे म्हणून.

२०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही; संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. घरी राहिलेल्या वारकऱ्याची वारी चुकली काय? आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या जिवासाठी मागे सरलेले पाऊलही विठ्ठलाच्याच दिशेने पडते.

आमचे पखवाजवाले त्या दिवशी बाहेर खिडकीखाली बसले आणि तेथूनच त्यांनी ठेका धरला. आतल्या आजी टाळ्या वाजवीत होत्या. पुढल्या एकादशीस, खोकला गेल्यावर, ते आत आले.

राम कृष्ण हरी.