जखम, रोजी आणि देहाचा हक्क



मोठा अपघात झाला तर निर्णय माणसाच्या हाती राहत नाही. तो इस्पितळात असतो, डॉक्टर सांगतात आणि घरचे ऐकतात. खरी परीक्षा लहान दुखापतीत होते. झाडावरून उतरताना घोटा मुरगळला, जाळे ओढताना तळहात कापला, कोयता बोटाला लागला. चार दिवसांत सूज उतरली, ठणका कमी झाला. आता कामावर जावे की आणखी थांबावे? हे ठरवायला कोणी समोर नसते. माणूस एकटाच असतो, आणि त्याच्याशी बोलत असते ती एक तर त्याची गरज, नाही तर त्याचा आळस.

श्रीवर्धनसारख्या गावात हा प्रश्न वरचेवर उभा राहतो, कारण इथली रोजी हातापायांवर चालते. पायांत दोरीचा फास अडकवून सुपारीच्या सरळसोट झाडावर चढणाऱ्या मजुराला दुखरा घोटा परवडत नाही आणि घरी बसणेही परवडत नाही. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली की जीवना बंदरात बोटींची लगबग सुरू होते. दोन महिने रिकाम्या हाताने काढलेल्या खलाशाला पहिली फेरी चुकवणे जिवावर येते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे नवे रोप फळाला यायला पाच-सहा वर्षे तरी लागतात; तोवर वाडीवाल्यालाही दुसऱ्या कामाकडे पाहावे लागते. अशा घरांत “अजून चार दिवस थांब” हा सल्ला सहज देता येत नाही. म्हणूनच या बाबतीत आपला दीन काय शिकवतो, हे नीट समजून घेतले पाहिजे.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. काही सहाबी प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्यांच्यावर गुस्ल आवश्यक झाले. त्यांनी सोबत्यांना विचारले की, मला तयम्मुमची सवलत आहे का? सोबती म्हणाले की, पाणी उपलब्ध असताना तुला सवलत दिसत नाही. त्यांनी स्नान केले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळली, तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. त्या लोकांनीच त्याचा जीव घेतला, असे ते म्हणाले. माहीत नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, कारण अज्ञानावरचा उपाय विचारणे हाच आहे, अशी शिकवण त्यांनी दिली.

या घटनेवर क्षणभर थांबून विचार करा. त्या सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता. ते आपल्या भावाला इबादतीचा कडक मार्ग दाखवत होते. तरीही त्यांना जाब विचारला गेला, कारण दुसऱ्याच्या जखमेवर त्यांनी ज्ञानाशिवाय निकाल दिला. आपल्याकडेही असे निकाल रोज दिले जातात. नाक्यावर कोणी म्हणतो, “एवढ्याशा जखमेला काय घाबरतोस?” मुकादम म्हणतो, “हात तर हलतोय ना?” तांडेल म्हणतो, “आमच्या वेळी आम्ही असेच जात होतो.” बोलणारा बोलून मोकळा होतो, पण जखम चिघळली तर भोगतो दुसराच. भावांनो, दुसऱ्याच्या देहाविषयी न जाणता बोलणे ही गंमत नाही. त्याचाही हिशोब द्यायचा आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत स्वतःला झिजवत असत. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि सांगितले की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा आहे, तुझ्या पत्नीचा आहे. ही हदीस सहीह बुखारीत आहे. जिथे इबादतीसाठीही देहाचा हक्क मारण्याची परवानगी मिळाली नाही, तिथे पाचशे रुपयांच्या रोजीसाठी ती कशी मिळेल? देह आपल्या मालकीचा नाही, तो अल्लाहची अमानत आहे. स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नये, ही ताकीद सूरह अल-बकराच्या १९५ व्या आयतीत आहे.

मग कधी थांबावे आणि कधी निघावे? शरीअतने आजारी माणसाला इबादतीत ज्या सवलती दिल्या, त्यांत याचे उत्तर सापडते.

कोकणात आपण बहुतेक शाफई मस्लकाचे आहोत. हातावर पट्टी असेल आणि ती काढल्याने इजा होणार असेल, तर वुजू करताना निरोगी भाग धुवावा, पट्टीवर ओला हात फिरवावा आणि झाकलेल्या भागाबद्दल तयम्मुम करावा, असे आपल्या फिक्हमध्ये सांगितले आहे. बारीक मसले आपल्या मौलाना साहेबांना विचारावेत. या नियमातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, पाण्याने जीव जाईल एवढीच भीती सवलतीसाठी लागत नाही. जखम भरायला विलंब होईल ही भीतीही फुकहांनी मान्य केली, आणि ती भीती खरी की खोटी हे जाणकार व विश्वासू वैद्याच्या शब्दावर ठरवले. दुसरी अशी की, सवलत जखमेच्या वयाइतकीच असते. जखम भरली, पट्टीची गरज उरली नाही, की हात पुन्हा धुवावाच लागतो. बरे झाल्यावरही सवयीने पट्टी बांधून ठेवणाऱ्याला शरीअत साथ देत नाही.

तिसरी शिकवण हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाजविषयी विचारल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की उभे राहून पढ, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. सगळे किंवा काहीच नाही, असा हा दीन नाही. कामालाही हेच लागू आहे. झाडावर चढता येत नाही तो खाली सुपारी सोलू शकतो, वाळत घालू शकतो, निवडू शकतो. जाळे ओढता येत नाही तो किनाऱ्यावर हिशोब पाहू शकतो. पूर्ण काम आणि पूर्ण विश्रांती यांच्यामध्ये पायऱ्या आहेत, आणि शहाणा माणूस पायरीपायरीने वर जातो.

आता व्यवहाराकडे वळू. प्रेषितांनी (स.) उपचार करण्याची आज्ञा दिली आहे, म्हणून पहिले काम डॉक्टरला दाखवण्याचे. त्यांना केवळ “बरे कधी होईल?” असे विचारू नका. आपले काम समजावून सांगा. “मी झाडावर चढतो”, “माझा हात दिवसभर खाऱ्या पाण्यात असतो”, “मला मधुमेह आहे” हे सांगितल्याशिवाय त्यांचा सल्ला अपुराच राहणार. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा घोटा आणि वाडीत चढणाऱ्याचा घोटा यांना एकच मुदत लावता येत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घ्या.

नंतर स्वतःची प्रामाणिक परीक्षा घ्या. वेदनाशामक गोळी घेऊन ही परीक्षा करू नका. गोळी दुखणे झाकते, जखम भरत नाही. घोटा मुरगळला असेल तर न लंगडता चढ-उतार चालून पाहा, दुखऱ्या एका पायावर उभे राहून पाहा. तोल जात असेल तर तो पाय अजून झाडावर किंवा हलत्या बोटीवर जाण्यास योग्य नाही. अर्धवट बरा झालेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो. हाताची जखम असेल तर मूठ घट्ट मिटते का, ओले दोर धरल्यावर पकड टिकते का, हे पाहा. टाके निघाले म्हणजे सर्व झाले असे नाही. त्या वेळी कातडी जुळलेली असते, परंतु तिला मूळची निम्मी ताकदही आलेली नसते. उघडी जखम घेऊन मासळीत आणि समुद्राच्या पाण्यात हात घालणे तर धोक्याचेच आहे. लाली पसरू लागली, पू दिसला, ताप आला किंवा बोटे बधिर वाटली, तर कामाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि बोटीवर जाणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की त्याचा निसटलेला हात दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. स्वतःला आणि इतरांनाही अपाय होऊ देऊ नये, हा आपल्या दीनचा पायाभूत नियम आहे.

या शिकवणीची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. दुखणे संपले तरी लंगडत राहणे, भरपगारी रजा वाढावी म्हणून डॉक्टरसमोर कण्हणे, आपल्या वाट्याचे काम भावावर टाकून बाजारात हिंडणे ही खियानत आहे. त्या दिवसांचा पैसा खिशात आला तरी त्यात बरकत कुठून येणार? अल्लाहचे नबी हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हातांनी कमावून खात असत, असे बुखारीतील हदीस सांगते. देहालाही फाजील विश्रांती मानवत नाही. फार दिवस न हलवलेला सांधा आखडतो आणि स्नायू सुकतात. म्हणून अल्लाहने बरे केले की उठावे. बरे होणे हीसुद्धा नेमत आहे आणि तिचा शुक्र कामाने अदा होतो.

येथे एक शंका घेतली जाते. उहुदच्या युद्धानंतर दुसऱ्याच दिवशी जखमी सहाबी हमरा-उल-असदपर्यंत चालत गेले आणि कुरआनने सूरह आले-इमरानच्या १७२ व्या आयतीत त्यांची प्रशंसा केली; मग आपण एवढ्याशा जखमेने का थांबावे? याचे उत्तर असे की, ती हाक स्वतः प्रेषितांची (स.) होती आणि मदीना शहराच्या रक्षणाचा प्रश्न होता. तो रोजचा नियम नव्हता. त्याच कुरआनने सूरह अल-फतहच्या १७ व्या आयतीत आंधळा, लंगडा आणि आजारी यांच्यावर मोहिमेत न गेल्याचा दोष ठेवलेला नाही. सहाबांच्या त्या कुर्बानीचे नाव घेऊन एखाद्या मजुराला टाके न निघालेल्या हाताने कामाला जुंपणे, हा त्या कुर्बानीचा सन्मान नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती जखमी माणसासाठी नाही, आपणा सर्वांसाठी आहे. माणूस लवकर कामावर जातो तो बहुधा शौर्याने नव्हे, चुलीच्या काळजीने. कारखान्यातील विमाधारक कामगाराला १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, कामावरील दुखापतीने काम बंद असेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. पण वाडीवर रोजंदारीने जाणारा आणि बोटीवर वाट्याने काम करणारा यांच्यापर्यंत ही छाया सहसा पोचत नाही. त्यांना सब्रचा उपदेश करून आपण मशिदीतून घरी जेवायला जातो. उपदेशाने त्यांच्या घरी भात शिजत नाही.

हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) शिकवले की जे तुमच्या हाताखाली आहेत ते तुमचे भाऊ आहेत, त्यांच्या शक्तीबाहेरचे काम त्यांच्यावर लादू नका, आणि लादलेच तर स्वतः मदतीला या. वाडीच्या मालकाने, बोटीच्या मालकाने जखमी माणसाची जागा राखून ठेवावी, त्याला हलके काम द्यावे, आणि शक्य असेल तर त्या दिवसांची रोजी त्याच्या घरी पोचवावी. ज्याचे देणे आहे त्याने तगादा लावू नये. अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्याची आज्ञा सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत आहे. जमातीने बैतुलमालमधून दोन आठवड्यांचे राशन गुपचूप पोचवावे किंवा कर्जे-हसना द्यावे. आखातात आणि जहाजांवर कमावणारे आपल्या मोहल्ल्यातील भाऊ दरमहा थोडे वेगळे काढतील, तर हे काम कठीण नाही. दोन आठवड्यांच्या राशनने एखाद्याचा हात आयुष्यभरासाठी वाचू शकतो.

आणि घरातील भगिनींना विसरू नका. विळीने बोट कापले, तव्याने हात भाजला, मनगट लचकले, तरी “कामावर कधी जाणार?” हे त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्यांचे काम थांबलेलेच नसते. त्याच हाताने त्या भांडी घासतात, त्याच हाताने भाकरी थापतात. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत. मग अम्मीच्या किंवा पत्नीच्या हाताला पट्टी असताना आठ दिवस भांडी घासण्यात मुलाला आणि नवऱ्याला कसला कमीपणा? ही तर सुन्नत आहे.

थांबावे लागलेल्या भावाने खंतावू नये. आजारी किंवा प्रवासी बंद्यासाठी, तो निरोगी आणि घरी असताना करत असलेल्या सत्कर्मांइतकेच पुण्य लिहिले जाते, ही खुशखबर बुखारीत आहे. मोमिनाला टोचलेल्या काट्याबद्दलही त्याची पापे झडतात. तेव्हा जाणकाराला विचारा, स्वतःशी खरे बोला, पायरीपायरीने कामावर परता, आणि बाकीचे अल्लाहवर सोपवा.

अल्लाह आपल्यातील प्रत्येक जखमी आणि आजारी बंद्याला पूर्ण शिफा देवो, देहाची अमानत सांभाळण्याची समज देवो, हलाल रोजीत बरकत देवो, आणि आपल्या भावाच्या अडचणीच्या दिवसांत त्याच्या दारी पोचणाऱ्यांत आपणास सामील करो. आमीन.